दोष पुऱ्यांचा

हूरा, मनामा
बहारीन, १९ नोव्हेंबर १९९३

प्रिय अजरा,

सलाम. तू न सांगता गेलीस याचा मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकते. समोरासमोर दारं आपली. पाच वर्षांत तुझ्याकडचं मीठ संपलं तरी मला कळायचं, आणि तू मुलांना घेऊन रत्नागिरीला गेलीस ते मला वॉचमनकडून कळावं? नुमानची सायकल अजून जिन्याखाली उभी आहे. तिचं काय करायचं ते त्याच्या वडिलांना, हाशिमभाईंना, विचारीन म्हणते, पण ते दिसले की मी आपली कुठल्या तरी कामात असते.

त्या सकाळी मी घरातच होते. तू दार वाजवलं असतंस तर मी उघडलं असतं. निदान असं मला वाटतं.

इकडचं तुझ्या कानावर उलटसुलट येत असेल म्हणून जे आहे ते लिहिते. दसऱ्याच्या स्नेहभोजनानंतर जे चाळीसेक लोक आजारी पडले होते ते सगळे आता ठणठणीत आहेत. कस्तुरीला एक दिवस सलाईन लावलं होतं ते तू बघितलंच आहेस. आता शाळेत जाते, फक्त बोलते कमी. चौदाव्या वर्षी मुली अशाच होतात म्हणे.

आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीत त्यावर बराच काथ्याकूट झाला. टिपणीससाहेब अध्यक्षांच्या खुर्चीतून म्हणाले, पुऱ्यांचं तेल जुनं असणार. कुणी म्हणालं, बटाट्याची भाजी. कुणी म्हणालं, भांडी कुठली वापरली ते कुणी बघितलं का, त्यात आदल्या दिवशी मटण शिजलं असेल. मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाल्यापासून आपल्या मंडळातल्या काही जणांची भाषा कशी बदलली आहे ते तुला माहीत आहे. तुला सैपाक द्यायचा हे ठरत होतं तेव्हाही कुरकुर झाली होती, आणि तेव्हा मी भांडले होते. अजराच्या मसालेभाताची चव तुमच्यापैकी एकीच्या तरी हाताला आहे का, असं तोंडावर विचारलं होतं मी. यावेळी टिपणीससाहेब माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आम्ही आधीच म्हणत होतो."

मी काही बोलले नाही. एकटी बाई पंधराजणांपुढे काय बोलणार?

हाशिमभाईंच्या कॅन्टीनचं मात्र वाईट झालं. आमच्या कंपनीने काँट्रॅक्ट डिसेंबरअखेर बंद करायचं ठरवलंय, आणि काँट्रॅक्ट नाही तर ज्याच्या नावावर ते इथे राहतात तो कफील व्हिसा ठेवणार नाही. पण अजून महिना आहे. टिपणीससाहेब पर्सोनेलचे मॅनेजर आहेत, त्यांनी मनात आणलं तर एका सहीचं काम आहे. राग शांत झाला की होईल सगळं नीट. मला तर वाटतं हॉलमधलं पाणीच खराब होतं.

आतिकाला माझा पापा दे. तिथे थंडी पडली का?

तुझी,
चारूताई


हूरा, मनामा
३ डिसेंबर १९९३

प्रिय अजरा,

तुझं उत्तर नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं.

काल हाशिमभाई आले होते. बस म्हटलं तर बसले नाहीत, दारातच उभे. म्हणाले, मंडळाची सभा चोवीस तारखेला आहे, तिथे तुम्ही अजरासाठी एक शब्द टाका. टिपणीससाहेब तुम्हाला मानतात, तुमचे मिस्टर मंडळाचे सेक्रेटरी आहेत. मग खाली बघून म्हणाले, "वहिनी, तिनं सकाळची नमाज पढून ताज्या तेलात पुऱ्या तळलान. मी स्वतः डबा फोडून दिला होता. तिनं काय वाईट केलान?"

मी म्हटलं, बघते. काय बाई शब्द आहे हा आपला. 'नाही' म्हणायचा धीर नसला की आपण 'बघते' म्हणतो.

सदानंदला सांगितलं तर तो म्हणाला, तू यात पडू नकोस. जानेवारीत त्याचं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय आणि तो कागद टिपणीसांच्याच टेबलावरून जातो. कच्च्या तेलाची किंमत उतरल्यापासून कंपनीत कुणाला कधी घरी पाठवतील याचा नेम नाही. तो चुकीचं बोलला असं मी म्हणत नाही.

दुसरंच काहीतरी लिहिते. कस्तुरीला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट आलाय: पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत ज्यूंवरच दोष का आला? लग्नाआधी मी पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचे, हे तुला सांगून सांगून मी तुझे कान किटवले होते. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी इतिहास विचारत होतं. मी पदर खोचून बसले.

तिला सांगितलं, जर्मनी लढाई हरला. एवढी माणसं मेली, वर दंड भरायचा, अब्रू गेली ती वेगळी. मग पैशाची किंमत इतकी उतरली की जन्मभराची शिल्लक घेऊन गेलं तरी पाव मिळेना. ज्यांनी काटकसर केली होती तेच भिकेला लागले. जरा सावरतात तोवर जगभर मंदी आली आणि लाखो लोक घरी बसले. अशा वेळी माणसाला उत्तर हवं असतं, आणि खरं उत्तर लांबलचक आणि किचकट असतं. त्यात कुणाचा चेहरा नसतो. ज्यूंवर जुना राग तयारच होता, शेकडो वर्षांचा, धर्मातून आलेला. आधी त्यांना जमीन घेऊ दिली नाही, कारागिरांच्या संघात येऊ दिलं नाही, म्हणून ते व्यापारात आणि सावकारीत गेले. मग म्हणायचं, बघा, हे पैसेवाले. वड्याचं तेल वांग्यावर, असं मी म्हणाले. ते मला तिला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं.

ती म्हणाली, "पण आई, they were so few. शंभरात एकसुद्धा नाही. मग सगळं त्यांनी केलं असं कसं वाटलं लोकांना?"

मी म्हटलं, थोडे होते म्हणूनच. जास्त असते तर कुणाची छाती झाली नसती.

आणखी एक गोष्ट सांगितली तिला. लढाई चालू असताना जर्मन सैन्याने आपल्या ज्यू सैनिकांची मोजदाद केली. ते पुढे न जाता मागे लपतात असा आरोप होता, तो खरा आहे का बघायला. मोजलं, आणि निकाल जाहीरच केला नाही. मोजून दोष सापडला असता तर ढोल पिटले असते. तसंच पडून राहिलं आणि संशय तेवढा वाढला.

हे सांगताना मला एकदम विंझेकाका आठवले. तुला माहीत आहेत ना, अदलियात राहतात, भुरक्या मिशांचे? परवा भेटले. म्हणाले, मला तर बुवा काहीच झालं नाही, सात पुऱ्या खाल्ल्या, भाजी दोनदा घेतली, भात तर विचारू नका. फक्त गोड नाही घेतलं, डायबिटीस ना. हे त्यांनी टिपणीसांनाही सांगितलं होतं. टिपणीस म्हणाले, काका, तुमचं पोट जुन्या काळातलं आहे. सगळे हसले म्हणे.

मीही हसले.

चारूताई


हूरा, मनामा
१३ डिसेंबर १९९३

अजरा,

तुझं पत्र आज आलं. तू भांडशील म्हणून मी कंबर कसून बसले होते. तू लिहितेस, "ताई, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल. बटाटे पहाटे उकडले होते, ते झाकले नव्हते वाटतं. रात्री झोप लागत नाही. इथे शेजारी लग्नाचा सैपाक मागत होते, मी नाही म्हटलं. कस्तुरी बरी आहे ना? ती माझ्या हातचं खाऊन आजारी पडली, मला तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून दार वाजवलं नाही."

मी ते वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. अजरा, बटाट्यांचं काही चुकलेलं नव्हतं. पुऱ्यांचं नाही, तेलाचं नाही, भांड्यांचं नाही. ते माझं श्रीखंड होतं.

स्नेहभोजनाच्या आदल्या रात्री, गुरुवारी, सहा किलोचा चक्का नळाला टांगला होता. फ्रीजमध्ये जागा नव्हती. मऊ होतो म्हणून मी त्यात साय मिसळते, ती आधीच मिसळून ठेवलेली. रात्री आपल्या बिल्डिंगची लाइट गेली ती आठवते तुला? एसी बंद, पंखा बंद, पहाटेपर्यंत सैपाकघराची भट्टी झाली होती. तू सगळं सकाळी ताजं केलंस म्हणून तुझं निभावलं. मी सकाळी फडकं सोडलं तर वास आला. आंबट नव्हे, आंबल्याचाही नव्हे, वाईट. कस्तुरीने बोट चाटलं आणि म्हणाली, आई, हे off आहे. मी म्हटलं, श्रीखंड आंबटच असतं, तुला काय कळतंय. आणि आणखी साखर घातली. केशर घातलं. जायफळ तर इतकं किसलं की बोट सोललं. विरजणापासून सगळं घरी करणारी चारुलता, मंडळात नाव आहे माझ्या श्रीखंडाचं. सहा किलो फेकून देऊन बाजारचे गुलाबजाम आणले असते तर कुणी मेलं नसतं. पण तेवढी नाचक्की मला सोसवली नाही.

मी स्वतः खाल्लं नाही. वाढण्यात वेळच मिळाला नाही असं सांगितलं. आणि माझ्या पोरीने दोन वाट्या खाल्ल्या, कारण आई म्हणाली चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी लोक आजारी पडल्याचे फोन यायला लागले तेव्हा, खरं सांगते, पहिल्या फोनलाच मला कळलं. आणि टिपणीसांनी पुऱ्या म्हटलं तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तुझं नाव निघालं आणि मला हायसं वाटलं. बाहेरची तू होतीस. तुझ्यावर लोकांचा विश्वास आधीच अर्धा होता, तो पुरता घालवायला काही लागलं नाही. माझ्यावर संशय घ्यायला मात्र त्यांना कष्ट पडले असते. मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही. मी नुसती गप्प बसले.

कस्तुरीचा प्रोजेक्ट काल संपला. मी तिला सांगत होते की हरायची वेळ आली तेव्हा जर्मनीच्या सेनापतींनीच सरकारला तह मागायला लावलं. मग काही महिन्यांत तेच म्हणायला लागले की आम्ही हरलोच नव्हतो, घरातल्यांनी पाठीत सुरा खुपसला. लोकांनी शत्रू आपल्या गावात आलेला बघितला नव्हता, त्यांना ते पटलं. मग सुरा कुणी खुपसला, तर ज्यूंनी. ज्यांची हजारो मुलं त्याच लढाईत त्याच सैन्यात मेली होती त्यांनी.

ती लिहायची थांबली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्या जनरल्सना माहीत होतं ना आई? की it was them?"

मी म्हटलं, होतं.

"मग ते बोलले का नाहीत?"

मी म्हटलं, भाजी करपतेय बहुतेक, आणि उठले. गॅसवर काहीच नव्हतं. ते तिलाही दिसत होतं.

तिथे पुढे लाखो माणसं मारली गेली. त्याच्या शेजारी माझं श्रीखंड मांडायची मला लाज वाटते. पण वर्गात पोरींना मी ऐटीत सांगायचे की लोक अडाणी होते, भुकेले होते, फसले. यातल्या कुणालाच खरं काय ते माहीत नव्हतं असं मी धरून चालायचे. माहीत असलेल्या माणसाला कसं वाटत असेल, याचा मी विचारच केला नव्हता. बरं वाटतं, अजरा. पहिले काही दिवस फार बरं वाटतं.

हे पत्र आज टाकवत नाहीये. आधी सभेत बोलते, मग टाकते. चोवीसला मी बोलणार आहे.

चारू


हूरा, मनामा
२५ डिसेंबर १९९३

अजरा,

मागचं पत्र यासोबतच आहे, आधी ते वाच.

काल सभा झाली. हाशिमभाई आत आले नाहीत. सभासदांचीच सभा म्हणून ते बाहेर जिन्यापाशी थांबले होते. जमाखर्च झाला, संक्रांतीचा कार्यक्रम ठरला, आणि टिपणीस म्हणाले आणखी काही विषय. मी उठले. सदानंदने माझ्या साडीचा पदर धरून ओढला, तो मी सोडवून घेतला. आवाज बरा निघाला. मी म्हटलं, दसऱ्याला लोक आजारी पडले ते अजराच्या सैपाकाने नाही. माझं श्रीखंड खराब झालं होतं, ते मला माहीत होतं, तरी मी वाढलं. हाशिमभाईंचं काँट्रॅक्ट काढू नका.

 मी वाट बघत होते. शिव्या द्याव्यात, कुणी उठून तोंडावर विचारावं, मला काहीही चाललं असतं.

टिपणीस उठले. डोळे पुसले की काय केलं त्यांनी, देव जाणे. म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन. शेजारणीचा संसार वाचावा म्हणून या बाई भरसभेत स्वतःवर आळ घेताहेत. कोण करेल हे आजच्या दिवसांत?" आणि टाळ्या सुरू झाल्या. खूप टाळ्या. बायकांनी मागे वळून माझे हात धरले. कुणीतरी म्हणालं, ताई, तुमचं श्रीखंड आणि खराब? शक्य तरी आहे का? कुणी म्हणालं, फार भोळ्या आहात, त्या लोकांसाठी एवढं करू नये. विंझेकाका काहीतरी बोलायला उठले होते, पण त्या आवाजात त्यांचं कुणी ऐकलं नाही. काँट्रॅक्टचा विषय मंडळाचा नाही, तो ऑफिसात बघू, असं म्हणून टिपणीसांनी सभा संपवली. ऑफिसात काय बघणार ते मला सदानंदकडून तिथल्या तिथे कळलं. काँट्रॅक्ट दुसऱ्याला देऊन झालंय. त्याला हे आठवड्यापासून माहीत होतं.

मी पुन्हा बोलायला हवं होतं. "टाळ्या थांबवा, मी खरं सांगतेय" एवढंच. उठून चार शब्द. अजरा, मी खाली बसले. मी सांगितलं होतं, आता त्यांना पटलं नाही तर माझा काय दोष, असा विचार माझ्या मनात आला, आणि टाळ्या वाजत होत्या त्या मला आवडल्या. हे सदानंदलाही सांगितलेलं नाही.

बाहेर आले तर जिन्यापाशी हाशिमभाई. त्यांनी टाळ्या ऐकल्या होत्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघवेना. छातीवर हात ठेवून म्हणाले, वहिनी, अल्ला तुमचं भलं करो, शब्द टाकलात. आणि घड्याळ बघून रस्त्यापलीकडच्या फोनबूथकडे निघाले. शुक्रवारी आमचे सहा वाजले की तू तिकडे एसटीडीवाल्याकडे त्यांच्या फोनची वाट बघत बसतेस, हे मला माहीत आहे. मी हात जोडले. त्यांनी लांबूनच हात हलवला. मी हाक मारली नाही.

कस्तुरी माझ्या शेजारी उभी होती. ती सभेत मागच्या खुर्चीवर होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "आई, जा ना." मी गाडीची किल्ली शोधत राहिले. मग ती धावली. गाड्या जात होत्या, हॉर्न वाजले, सदानंद ओरडला. ती रस्ता ओलांडून बूथपाशी पोचली तेव्हा हाशिमभाई फोनवर हसत बोलत होते. तिने काचेचं दार उघडलं आणि त्यांचा हात धरला. या पोरीला मराठीत धड चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत, मी किती बोलते तिला त्यावरून. ती काय बोलली ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. हाशिमभाई हसायचे थांबले, आणि रिसीव्हर तसाच हातात धरून उभे राहिले, एवढं दिसलं.

घरी येताना तिला विचारलं. ती म्हणाली, मी सांगितलं की टाळ्या तुमच्यासाठी नव्हत्या. आईचं श्रीखंड खराब होतं, मी चाखलं होतं, आईला माहीत होतं, अजरा आंटीने काही केलं नाही. मग म्हणाली, फोन चालू होता.

म्हणजे तू लाइनवर होतीस. तुला किती ऐकू आलं, आलं की नाही, पोरीचं तोडकंमोडकं मराठी तुला कळलं की नाही, मला माहीत नाही. हाशिमभाईंनी आज दार उघडलं नाही. एकतीसला त्यांचं विमान आहे. तू परत ये असं म्हणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि माफी मागितली तर तू ती देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून मागत नाही.

शेजारच्या लग्नाचा सैपाक मात्र घे. तुझ्या हाताने कुणी आजारी पडलेलं नाही. आणि काल फोनवर तू जे ऐकलंस ते खरं आहे. शब्द न् शब्द खरा आहे. मला जे एकदा सांगून पुन्हा सांगता आलं नाही, ते माझ्या मुलीने सांगितलं.

चारुलता